शिट्टीनंतरचे काही सेकंद

प्रिय अनघा,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉल टीम तू हाती घेतलीस, फार बरं वाटलं. कोर्टवर मारामारी पेटली तर काय करायचं, असं विचारलंस. आधी मुलींना एका सामन्याचा व्हिडिओ दाखव: १० मार्च २०२४, अमेरिकेतलं ग्रीनव्हिल, एसईसी या तिथल्या विद्यापीठांच्या गटाच्या स्पर्धेची फायनल, साउथ कॅरोलायना विरुद्ध एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ).

सगळे साउथ कॅरोलायनाच्या कामिला कार्डोसोचा धक्का बघतात. ती ६ फूट ७ इंच, समोरची एलएसयूची फ्लॉजे जॉन्सन ५ फूट १०. जॉन्सन थेट खाली. पण तू व्हिडिओ थोडा मागे घे. शेवटची दोनेक मिनिटं उरली होती. कार्डोसोची सहकारी मिलेशिया फुलवायली बॉल घेऊन पळाली आणि जॉन्सनने तिला धरून अडवलं. शिट्टी वाजली, इंटेन्शनल, म्हणजे मुद्दाम केलेला, फाउल दिला गेला. म्हणजे हिशेब तिथेच पुरा झाला होता! मग जाता जाता जॉन्सनचा साउथ कॅरोलायनाच्याच अ‍ॅशलिन वॉटकिन्सशी खांद्याला खांदा लागला आणि कार्डोसो धावत आली. बॉल डेड, म्हणजे खेळ थांबलेला असतानाच सगळं घडलं. त्यानंतर बेंचवरच्या मुली आत शिरल्या, प्रेक्षकांतून एका खेळाडूचा भाऊही कोर्टवर उतरला.

एनसीएएचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या संस्थेचा, नियम कडक आहे. मारामारी केली की सामन्यातून बाहेर आणि पुढचा सामनाही बंद. त्याच हंगामात पुन्हा केली तर उरलेला हंगाम गेला. नुसती बेंच सोडली तरी त्या सामन्यातून हकालपट्टी. कार्डोसो राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या सामन्याला मुकली. पुढे तिची टीम अपराजित राहून विजेती झाली म्हणून ते निभावलं.

दुसरी धोक्याची जागा पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ. २०१० साली बेलर विद्यापीठाच्या ब्रिटनी ग्रायनरने टेक्सस टेक विद्यापीठाच्या खेळाडूचं नाक फोडलं, त्याआधी दोघींची जागेसाठी ओढाताण चालली होती. एक सामना नियमाने गेला, दुसरा तिच्याच कोच किम मल्की यांनी वाढवला. मला तो निर्णय योग्य वाटतो. पोस्टमध्ये हात अडकवणं, जर्सी ओढणं सुरू झालं की कॅप्टनने पुढच्या डेड बॉलला रेफरीला शांतपणे सांगायचं. ऐकलं गेलं नाही तर तू त्या मुलीला दोन मिनिटं बाहेर बसव.

सरावात हे घोटून घे. शिट्टी वाजली की कोर्टवरच्या पाचही जणी आपल्या बेंचकडे. चिडलेल्या मुलीला समोरून कवेत घेऊन मागे न्यायचं. पाठीमागून हात धरले तर तिला स्वतःला वाचवता येत नाही. प्रतिस्पर्ध्याला सोडवायलाही हात लावायचा नाही, कारण रेफरीला तो हल्ला वाटू शकतो.

बेंच मात्र जास्त महत्त्वाची. तुमचे सामने फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांनी होतात, तिथे नियम ३९ बघ: मारामारीच्या वेळी बेंच सोडणारी राखीव खेळाडू बाद होते आणि टेक्निकल फाउल (गैरवर्तनाचा फाउल) मुख्य कोचच्या नावावर लागतो. आत जायची मुभा फक्त मुख्य कोच आणि पहिल्या सहायकाला, तीही रेफरींना मदत करण्यापुरती. म्हणून तू आत जा आणि सहायकाला बेंचसमोर हात पसरून उभं राहू दे. मैत्रिणीला वाचवायला उठलेली मुलगीच बहुधा बाद होते, हे मुलींना आधीच सांगून ठेव.

तुझ्याबरोबर सहायक म्हणून कोण बसणार आहे ते कळव. तिला हा नियम आधी वाचायला दे.

तुझी,
मेधा