निर्दोष सुटल्याची ओळ त्याच बातमीत हवी

महोदय,

माझे मेहुणे पतसंस्थेत रोखपाल होते. अपहाराच्या गुन्ह्यात अटक झाली तेव्हा एका वृत्तसंकेतस्थळाने फोटोसह बातमी दिली. सहा वर्षांनी न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले; त्याची दोन ओळींचीही बातमी आली नाही. भाचीला पाहायला आलेल्या मंडळींनी मोबाइलवर तोच मान खाली घातलेला फोटो पुढे केला, तेव्हा मेहुण्यांनी आतून निकालपत्राची लॅमिनेट केलेली प्रत आणून दाखवली.

बातमी काढून टाका, असे मी म्हणत नाही. अटक झाली होती, हे खरेच आहे. शिवाय बातम्या पुसण्याची सोय झाली की तिचा पहिला फायदा पुढारी आणि बिल्डर उठवतील. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या झी कंपनीवरील लेखाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खटला चालण्याआधीच तो लेख उतरवायला लावणारा अंतरिम आदेश रद्द केला, ते योग्यच झाले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तालुक्याच्या पत्रकाराला गप्प करायला तेवढी भीती पुरते.

पण छापील अंक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो, ऑनलाइन बातमी जात नाही. निकालाची प्रत मिळताच त्याच बातमीच्या माथ्यावर ‘न्यायालयाकडून निर्दोष मुक्तता’ ही ओळ तारखेसह टाकावी. मेहुण्यांच्या तीन ईमेलना उत्तर आलेले नाही. आपल्या वृत्तपत्राने तरी ही पद्धत सुरू करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सांगली