सही जुळवू नका, साक्षांकन सुधारा

महोदय,

टपाली मतदानावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. अमेरिकेत पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात, आपल्याकडे कोणीच पाहत नाही, तेव्हा आपणही सहीची जुळवणी सुरू करावी, असा त्याचा एकूण सूर. लेखकाच्या हेतूबद्दल शंका नाही. पण ही मागणी मान्य झाली तर तोतया मतदार क्वचित सापडेल आणि खरे मतदार मात्र हमखास बाद होतील.

आधी तिकडचे पाहू. कोलोरॅडो, वॉशिंग्टन, ओरेगन या राज्यांत मतपत्रिका घरोघरी टपालाने जातात. मतदार परतीच्या पाकिटावर सही करतो. पाकीट कार्यालयात आले की त्यावरचा बारकोड वाचला जातो, सहीचे छायाचित्र निघते आणि मतदार नोंदणीच्या वेळची किंवा वाहन परवान्याची सही पडद्यावर शेजारी उमटते. मोठ्या काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) पहिली चाळणी यंत्र करते. यंत्राला न पटलेली पाकिटे माणसांकडे जातात. कोलोरॅडोत सही नाकारायची तर वेगवेगळ्या पक्षांच्या दोन परीक्षकांचे एकमत लागते, आणि तसे झाल्यावरही मतदाराला कळवून मतदानानंतर आठ दिवसांपर्यंत ओळख पटवण्याची संधी द्यावी लागते. जुळवणीची ही पद्धत थोडीफार न्याय्य ठरते ती या दुरुस्तीच्या संधीमुळे, आणि तुमच्या लेखात नेमका तिचाच उल्लेख नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये अशी संधी नव्हती. तिथे नव्वदी ओलांडलेल्या एका अंध मतदार महिलेचे मत सही जुळली नाही म्हणून फेकले गेले आणि तिला ते कळलेही नाही. २०१८ मध्ये फेडरल न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली.

लेखात अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याचे उदाहरण मोठ्या विश्वासाने दिले आहे, पण तिथली पुढची गोष्ट आलेली नाही. २०२०च्या निवडणुकीनंतर कॉब काउंटीतली १५,११८ पाकिटे राज्याच्या तपास यंत्रणेने पुन्हा तपासली. दोन पाकिटांच्या बाबतीत मतदाराला दुरुस्तीसाठी कळवायला हवे होते, एवढेच निघाले. बनावट मत एकही नाही. पुढच्याच वर्षी जॉर्जियाने सहीची जुळवणी बंद करून परवान्याचा किंवा ओळखपत्राचा क्रमांक मागायला सुरुवात केली. ज्या राज्याचा दाखला देऊन आपण जुळवणी आणायची, त्या राज्यानेच ती सोडून दिली आहे.

वॉशिंग्टन राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये जो अहवाल दिला, तोही वाचायला हवा होता. २०२०च्या निवडणुकीत तिथे कृष्णवर्णीयांची मते सहीच्या कारणावरून बाद होण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या चौपट होते आणि तरुणांची मतेही जास्त बाद झाली होती. एकाच राज्यात एका काउंटीचा हात सैल, दुसरीचा घट्ट. कॅलिफोर्नियाने तर २०२१ मध्ये कायदाच केला की सही मतदाराचीच आहे असे धरून चालायचे. अनेक ठळक बाबतींत फरक आहे आणि त्याविषयी वाजवी शंका उरत नाही, असे दोन अधिकारी एकमताने म्हणतील तरच पाकीट बाजूला काढायचे. अनुभवातून शहाणी झालेली राज्ये जुळवणी सैल करत असताना आपण ती नव्याने का आणावी?

सही ताडणे हे काम दिसते तेवढे सोपे नाही. हस्ताक्षर तज्ज्ञ अक्षराचा आकार पाहतो, पण त्याहून जास्त रेघेचा दर्जा पाहतो: पेन कुठे उचलले, कुठे थबकले, दाब कुठे वाढला, शेवटचा झटका सहज गेला की सावकाश ओढला. नक्कल करणारा आकार बरोबर आणतो. फसतो तो वेगात, कारण त्याची रेघ संथ आणि एकसारख्या जाडीची येते. स्कॅन केलेल्या छोट्या चित्रात दाब दिसत नाही, थबकणे दिसत नाही, उरतो फक्त आकार. म्हणजे नक्कल करणाऱ्याचे जे बळ, तेवढेच तपासनिसासमोर येते. शिवाय एकाच माणसाच्या सहीत नेहमी किती फरक पडतो हे ठरवायला त्याच काळातल्या बऱ्याच नमुना सह्या लागतात. इथे असते एखादी, तीही कित्येक वर्षांपूर्वीची. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका न्यायवैज्ञानिक अभ्यासात सामान्य लोकांनी खऱ्या सह्यांपैकी सुमारे २६ टक्के सह्या खोट्या ठरवल्या होत्या. तज्ज्ञांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. मतमोजणीच्या टेबलावर तज्ज्ञ बसत नाहीत, जुजबी प्रशिक्षण घेतलेले महसूल आणि शिक्षण खात्याचे कर्मचारी बसतात.

आपल्याकडच्या सह्यांचा तर विचारच केलेला दिसत नाही. बँकेत मराठीत आणि परवान्यावर इंग्रजीत सही करणारी माणसे घरोघरी आहेत. देवनागरी सहीत कोणी शिरोरेघ आधी ओढतो, कोणी शेवटी एका फटक्यात, आणि घाईत असला की ओढतच नाही. लग्नानंतर आडनाव बदलले की सही मुळापासून बदलते. कंपवात झालेला, अर्धांगातून उठलेला किंवा मोतीबिंदूने नीट न दिसणारा माणूस ऐंशीच्या पुढे विशीतली सही कुठून आणणार? आणि घरून मतदानाची सोय आपण नेमकी ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांना दिली आहे. ताडायची कशाशी, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. मतदार यादीत छायाचित्र आहे, सही नाही. ऑनलाइन भरलेल्या नमुना ६ मध्ये, म्हणजे मतदार नोंदणीच्या अर्जात, शाईची सही नसते.

आपली पद्धत वेगळ्या पायावर उभी आहे आणि तो पाया योग्य आहे. मतदार ज्या अधिकाऱ्यासमोर सही करतो, तो अधिकारी त्याची ओळख पटवून नमुना १३-अ या घोषणापत्रावर साक्षांकन करतो. निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी त्यांच्यासाठी उघडलेल्या सुविधा केंद्रावर आपले टपाली मत देतात. नियमांतल्या २०२३च्या दुरुस्तीनंतर त्यांना मतपत्रिका घरी नेता येत नाही. घरून मतदानासाठीचा अर्ज, नमुना १२-ड, भरलेल्या वृद्ध व दिव्यांग मतदारांकडे मतदान पथक जाते, चित्रीकरण होते. अंगठाही चालतो. जिवंत माणूस समोर आणि त्याचे ओळखपत्र हातात असताना त्याची सही वीस वर्षांपूर्वीच्या सहीसारखी आहे की नाही याला काय महत्त्व?

दोष आहे तो साक्षांकनाच्या अंमलबजावणीत, आणि लेखाने खरे तर तिथे बोट ठेवायला हवे होते. मोजणीच्या वेळी आधी बाहेरचे पाकीट १३-क उघडतात. त्यातून घोषणापत्र १३-अ आणि आतले बंद पाकीट १३-ब निघते. घोषणापत्र नसेल, त्यावर मतदाराची सही नसेल, साक्षांकन नसेल किंवा घोषणापत्रावरचा मतपत्रिकेचा क्रमांक १३-ब वरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर आतले पाकीट न उघडताच मत बाद. यांतल्या साक्षांकनाची पूर्ण आणि क्रमांकाची बरीचशी जबाबदारी सरकारी माणसाची आहे. तो शिक्का मारायला विसरतो, हुद्दा लिहीत नाही, घाईत सही राहून जाते, आणि शिक्षा मतदाराला होते. केरळमध्ये पेरिंथलमण्णा इथे २०२१ मध्ये निकाल ३८ मतांचा लागला आणि ३४८ टपाली मते मोजलीच गेली नाहीत. अधिकाऱ्याची सही नसणे हा त्या वादातला मोठा मुद्दा होता. गुजरातमधल्या धोळक्यात २०१७ मध्ये ३२७ मतांनी विजय आणि ४२९ टपाली मते बाद. मे २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली आणि तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आंध्रात २०२४ मध्ये साक्षांकनाची सही आहे पण शिक्का नाही अशी घोषणापत्रे ग्राह्य धरावीत का, यावरून मोजणीच्या आदल्या दिवसापर्यंत कोर्टकचेरी चालली.

लांब कशाला, मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघ घ्या. २०२४ मध्ये तिथे यंत्रांवरच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. बाद टपाली मते होती १११. मताधिक्य बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर निकालाआधी सगळी बाद मते पुन्हा तपासायची, असा आयोगाचा नियम आहे आणि तो तिथे लागू झाला. आता कल्पना करा, या टेबलावर त्यात भर म्हणून सही जुळवणीही असती तर. प्रत्येक पाकिटावर दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी हरकत घेतली असती आणि ठरवायला नियम एकही नसता, फक्त डोळ्यांचा अंदाज.

मागायचेच असेल तर हे मागा. मतपत्रिकेचा क्रमांक घोषणापत्रावर हाताने लिहायला लावू नका, छापूनच द्या. साक्षांकन अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि शिक्का सुविधा केंद्रावर आधीच उमटवून ठेवा, म्हणजे मतदारासमोर फक्त सही राहील. पाकीट चिकटवण्यापूर्वी मतदाराची सही, अधिकाऱ्याची सही आणि क्रमांक या तीन गोष्टी दुसऱ्या कर्मचाऱ्याने पाहाव्यात. आणि निकालपत्रकात बाद टपाली मतांचा नुसता आकडा न देता कारणवार आकडे द्या. किती मते मतदाराच्या चुकीने गेली आणि किती अधिकाऱ्याच्या, हे त्याशिवाय कळणार नाही.

आणखी एक, आणि हे तुमच्याच पानाबद्दल. लेखासोबतच्या चौकटीत 'मतपत्रिका आणि घोषणापत्र आतल्या पाकिटात घालून ते बंद करावे' असे छापले आहे. हे साफ चुकीचे आहे. आतल्या १३-ब पाकिटात फक्त मतपत्रिका जाते. घोषणापत्र त्याच्या बाहेर राहते आणि दोन्ही मिळून १३-क मध्ये जातात. घोषणापत्र आत गेले तर मोजणीच्या वेळी ते सापडणार नाही, आतले पाकीट उघडायची मुभा नाही, आणि मत बाद होईल. टपालाने मत पाठवणारे सैनिक आणि त्यांच्या घरची माणसे तुमचे वाचक आहेत. कोणी ती चौकट कापून ठेवली असेल तर त्याचे मत तुमच्या छपाईमुळे जाईल. कृपया दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा