दुरुस्ती चालू असताना घरातच राहता आलं, त्याबद्दल

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं सासर तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. नात्यानं तू आमची कोणी नव्हेस. पण गिरगावातल्या चाळीत एका घरात आलेली सून सगळ्या मजल्यांची सूनबाई होते, त्या हक्कानं लिहितोय. शाल-श्रीफळाला तू चक्क नाही म्हणालीस, वर ‘नाव कुठे घालू नका’ असंही बजावलंस. नाव घालत नाही. पत्र मात्र उघड लिहितो, कारण ठाकुरद्वारपासून लालबाग-परळपर्यंत आमच्या वयाची कितीतरी माणसं अशाच पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे भरून नाममात्र भाड्यानं घेतलेल्या, खोल्यांत राहतायत आणि त्यांच्या दारातही आज ना उद्या भिंती फोडायचा ब्रेकर लागणारच आहे.

मालकानं काम काढलं ते कुणाला न सांगता. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर गॅलरीच्या फळ्या निम्म्या उचकटलेल्या आणि खालच्या मजल्यावरचं कपड्यांचं पिंप थेट दिसतंय. टोकाचे कॉमन संडास सगळेच्या सगळे एकदम फोडायला घेतलेले. नळही बंद. हिचे गुडघे असे की वॉकरशिवाय पाऊल पडत नाही, मला दमा. दुपारपर्यंत देव्हाऱ्यापासून तांदळाच्या डब्यापर्यंत सगळ्यावर पांढरी भुकटी बसली. मालकाचे कारभारी मेहताजी भाडं घ्यायला यावं तसे हसत आले आणि म्हणाले, ‘काका, दोन-तीन महिने डोंबिवलीला मुलाकडे जाऊन राहा ना. किल्ली आमच्याकडे ठेवा, आम्ही आहोत.’ ते आहेत, हीच तर भीती!

त्या रात्री चाळीची मीटिंग झाली. आमच्या मीटिंगा तू पाहिल्यास, त्यात बोलायला सगळे असतात आणि ऐकायला फक्त जिन्यातलं मांजर. अर्धे म्हणत होते कोर्टातून स्टे आणा, अर्धे म्हणत होते मालकाला बघून घेऊ. तू बांधकामाच्या साइटवरून तशीच आली होतीस, पायात ते जड बूट. कुणाशी वाद न घालता आमच्या खोलीत आलीस, स्टुलावर चढलीस आणि मोरीच्या बाजूच्या तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक स्क्रू ड्रायव्हरनं टोचलंस. सागवान ते, चाळ १९४० च्या आधीची. मधे टोचलं तेव्हा टणक लागलं. टोकाला मात्र स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. वर्षानुवर्षं मोरीचं पाणी भिंतीत मुरत होतं आणि लाकडाचं टोक आतल्या आत कुजत होतं. वरून रंग छान होता. खाली उतरून सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘काका, या बाबतीत मालक खोटं बोलत नाहीयेत. हे काम झालंच पाहिजे. ते कसं व्हायला हवं, त्यावर बोलू.’

आभार मानायचे ते सगळ्यात आधी या वाक्याचे. आम्हाला बरं वाटेल असं बोलणारे त्या दिवशी पुष्कळ होते. काही पुढारीही येऊन गेले, फोटो काढून गेले. खरं सांगणारी तू एकटी. स्टे मिळालाही असता कदाचित, आणि मग पुढच्या पावसाळ्यात आम्ही टेकूंच्या जंगलात कॉट लावून झोपलो असतो.

मग तू कागद मागितलेस. आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल. मेहताजींनी दोनदा टोलवलं, तिसऱ्यांदा दिला. पालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायची इमारत. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसं आत राहूनच दुरुस्ती. आमच्या अहवालावर सी-२बी लिहिलेलं होतं! मालकाच्याच इंजिनियरनं लिहिलेलं. खोली सोडा म्हणायला आधारच नव्हता. शिवाय भाडे नियंत्रण कायद्यातली जी गोष्ट तू हिला समजावलीस ती मी इथे मुद्दाम लिहितो. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने खोली वापरात नसेल, तर तेवढ्यावरूनही मालकाला ताबा मागता येतो. दोन-तीन महिन्यांचं काम रखडून सहा महिन्यांवर जायला मुंबईत काय लागतं? दुरुस्तीपुरतं राहायला दिलेल्या संक्रमण शिबिरात तात्पुरते म्हणून गेलेल्यांची दुसरी पिढी तिथेच लग्नाला आली. म्हणून जायचंच असेल तर आधी लेखी करार. त्यात हीच खोली, एवढंच क्षेत्रफळ, परत यायची तारीख आणि चालू भाडेपावती. किल्ली कुणाकडेही नाही.

मालकाला पत्र तू मला लिहायला लावलंस. टपाल खात्यात नोकरी झाली, तेव्हा पोच घेतल्याशिवाय पत्र देऊ नये हे मला शिकवायला नको होतं. पण मजकूर तुझा. त्यात एकही शिवी नव्हती, याचं मला वाईट वाटलं होतं. १९९९ च्या त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे दुरुस्ती हे मालकाचं कर्तव्य आहे आणि आम्ही त्याला सहकार्य करतो, अशी सुरुवात. पुढे कलम २९. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सोय या गोष्टी योग्य कारणाशिवाय तोडता येत नाहीत, सबब प्रत्येक मजल्यावर एक संडास आणि एक नळ कायम चालू ठेवावा. न झाल्यास लघुवाद न्यायालयात अर्ज करू, हे शेवटच्या ओळीत, अगदी नम्रपणे. आणि बायकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, म्हणून अर्जदारांत हिचं नाव पहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ही माझ्या आधी सही करून मोकळी झाली आणि त्याचा तिला अजून अभिमान आहे.

नळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. संडासाला वेळ लागला, पण एक चालू ठेवून दुसरा फोडायचा हा क्रम ठरला तो ठरलाच.

आता त्या फळीचं लिहितो. गॅलरी उघडी असताना आमच्या दारापासून जिन्यापर्यंत जायला मजुरांनी एक सुटी फळी टाकली होती. तू ती काढायला लावलीस. तीन जाड फळ्या शेजारी शेजारी, खालून आडव्या पट्ट्या ठोकून, वर वॉकरचे पाय घसरू नयेत म्हणून गोणपाट. हाताला धरायला दांडा हवा म्हणालीस, तेव्हा सुतार नेहमीच्या उंचीवर ठोकायला निघाला. तू त्याला थांबवलंस, हिला दारात उभं केलंस, कोपर किंचित वाकवून मनगटापर्यंतची उंची टेपनं मोजलीस आणि तिथेच खूण केलीस. मग एका मजुराला पन्नास किलोची सिमेंटची गोण खांद्यावर देऊन त्यावरून चालवलंस. मग स्वतः गेलीस. मग म्हणालीस, ‘काकू, या आता.’ माझ्या मुलानंही तिच्यासाठी इतका बारीक विचार केला नसता, आणि मुलगा चांगला आहे माझा.

धुळीचं तू फार बोलली नाहीस, करून घेतलंस. तोडण्याआधी पाणी मारायचं, ताडपत्री आतून लावायची, डेब्रिज वरून टाकायचं नाही, गोणीत भरून उतरवायचं. एक ते तीन ब्रेकर बंद. त्या दोन तासांत मजूरही जेवून पाठ टेकू लागले आणि मुकादम मला म्हणाला की हे आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं. त्या मुकादमाचेही आभार. ठरलेला क्रम त्यानं मोडला नाही, मालकाचा फोन आला तरी. जाताना हिच्या हातचं थालीपीठ मात्र तो मागून खायचा.

गॅलरी झाली, संडास झाले, आमच्या तुळईखाली नवा गर्डर बसला. राहिली ती तुझ्या सासूबाईंच्या बाजूची भिंत आणि जिन्याचा वरचा टप्पा. मेहताजी म्हणतात दिवाळीनंतर. त्या कामासाठी मालकाला द्यायचं पत्र मी आताच लिहून ठेवलंय, जिन्याला दुसरीकडून वाट कशी काढायची तेवढा मुद्दा तुझ्यासाठी मोकळा सोडलाय. रविवारी वर ये आणि वाच. सहीला ही तयार आहे, पहिल्या नंबरवर.

तुझे,
तिसऱ्या मजल्यावरचे काका आणि काकू