वजन विचारू नका, मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी पुण्यात हडपसरला राहते आणि नऊ वर्षे मेडिकल कोडिंगचे काम करते. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे चार्ट, म्हणजे रुग्णांच्या नोंदी, वाचायच्या आणि डॉक्टरने लिहिलेल्या प्रत्येक निदानाला ठरलेला कोड द्यायचा, असे हे काम. गेल्या जूनमध्ये करमाळा तालुक्यातल्या माझ्या आत्याला क्षयरोग निघाला, तिचा केसपेपर मी वाचला आणि तेव्हापासून हे पत्र लिहायचे मनात होते.

केसपेपरवर वजन होते ४५ किलो. निदानात क्षयरोग, आणि त्याखाली ‘जनरल वीकनेस’. समोर बसलेल्या आत्याच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होत्या. मी विचारले, तुला काट्यावर कधी उभे केले? ती म्हणाली, “काट्यावर कुठलं? सिस्टरनं विचारलं वजन किती. म्हटलं, आसंल पंचेचाळीस. लिवलं त्यांनी.” काटा वॉर्डात होता. त्यावर सलाईनच्या बाटल्यांचे खोके रचलेले मी स्वतः पाहिले. त्या सिस्टरकडे एकटीकडे सगळा वॉर्ड होता, त्यामुळे मी तिला दोष देत नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या रेशन दुकानात, पोती तोलायच्या काट्यावर आत्याला उभे केले. ३३ किलो ४०० ग्रॅम. दुकानदाराने काटा शून्यावर आणून पुन्हा तोलले, आकडा तोच. घरी दाराच्या चौकटीला पाठ टेकवून शिंप्याच्या टेपने उंची घेतली, ती १५० सेंटिमीटर भरली. म्हणजे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) १४.८. मोठ्या माणसात १८.५ च्या खाली कमी वजन आणि १६ च्या खाली तीव्र कुपोषण धरतात. सांगितलेल्या ४५ किलोने हिशेब केला तर बीएमआय बरोबर २० येतो. कागदावर आत्या ठणठणीत होती.

या अकरा-बारा किलोंचा फरक कुठे पडतो ते सांगते. क्षयरोगाच्या गोळ्या वजनाच्या गटानुसार देतात. २५ ते ३४ किलोला रोज दोन, ३५ ते ४९ किलोला तीन. आत्या आठ दिवस तीन घेत होती. दुसरे आहाराचे. निक्षय पोषण योजनेत महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले, आणि ते सगळ्याच रुग्णांना आहेत. पण ज्यांचा बीएमआय उपचार सुरू होताना १८.५ पेक्षा कमी आहे, त्यांना पहिले दोन महिने जास्त ऊर्जेचा पूरक आहारही द्यायचे केंद्राने तेव्हाच जाहीर केले. कागदावर २० बीएमआय असलेल्या बाईला तो कोण देणार?

माझ्या कामातला एक नियम इथे सांगावासा वाटतो. बीएमआयचा आकडा आम्ही नर्सच्या किंवा आहारतज्ज्ञाच्या नोंदीवरून उचलू शकतो. पण ‘कमी वजन’ किंवा ‘कुपोषण’ हा शब्द उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच लिहिलेला लागतो. चार्टमध्ये बीएमआय १५ दिसत असला, आहारतज्ज्ञाने पानभर लिहिले असले, तरी डॉक्टरचा शब्द नसेल तर मला कोड देता येत नाही. मग मी डॉक्टरला क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवते, तीही उत्तर सुचवणार नाही अशा भाषेत. कारण आकडा म्हणजे निदान नव्हे. तिथला बीएमआयचा सर्वांत खालचा कोड, झेड ६८.१, तर १९.९ पर्यंत चालतो. म्हणजे तो लागलेला प्रत्येक माणूस कुपोषित नसतो. कोण जन्मापासून सडपातळ आणि कोण तीन महिन्यांत दहा किलो उतरलेला, हे रुग्णाला तपासणाराच सांगू शकतो.

तिकडे या शब्दामागे पैसा असतो, हेही खरे. तीव्र कुपोषणाचा कोड लागला की बिल वाढते. अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०२० च्या अहवालासाठी अशी २०० बिले तपासली, त्यातली १७३ नियमात बसत नव्हती. म्हणून तिकडची पद्धत जशीच्या तशी आणा असे माझे म्हणणे नाही. मला त्यातल्या दोनच गोष्टी आपल्या केसपेपरवर हव्या आहेत: मोजलेला आकडा आणि डॉक्टरच्या हातचा शब्द.

आपल्याकडे लहान मुलांच्या बाबतीत हे होते. अंगणवाडीत मूल तोलतात, दंडाला पट्टी लावतात, ११.५ सेंटिमीटरच्या आत भरले की त्याला तीव्र कुपोषित म्हणतात आणि पुढे पाठवतात. साठी उलटलेल्या बाईच्या दंडाला पट्टी कुणी लावत नाही. तिच्या वाट्याला ‘अशक्तपणा’ येतो, आणि त्या शब्दावर टॉनिकच्या बाटलीपलीकडे काही मिळत नाही.

आरोग्य खात्याला माझी विनंती आहे की, वजनाच्या रकान्याशेजारी ‘मोजले’ की ‘सांगितले’ एवढी एक खूण छापावी. उभे राहता येत नसेल त्याच्या दंडाचा घेर घ्यावा. बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर डॉक्टरांनी निदानातच तसे लिहावे. डिस्चार्ज कार्डावर आत येतानाचे आणि घरी जातानाचे, दोन्ही वजने असावीत. यासाठी नवे यंत्र लागत नाही, काट्यावरचे खोके तेवढे उचलावे लागतात.

झारखंडमध्ये क्षयरुग्णांना शिधा देऊन केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. पण सुरुवातीचे वजनच अंदाजाने लिहिलेले असेल तर ५ टक्के कशाचे काढणार?

आत्याचा केसपेपर घेऊन मी परत गेले तेव्हा डॉक्टरांनी रेशनच्या काट्यावर विसंबून न राहता खोके बाजूला करायला लावले, तिला पुन्हा तोलले, गोळ्या दोन केल्या आणि स्वतःच्या हाताने ‘तीव्र कुपोषण’ लिहिले. दुसरा महिना संपला तेव्हा तिचे वजन ३५ किलो ६०० ग्रॅम होते. मोजलेले.

आपली,
एक मेडिकल कोडर, हडपसर, पुणे