सोलापुरात चिमुकल्यांसाठी संग्रहालय हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीच्या दिवशी लहान मुलाला घेऊन कोठे जावे, या प्रश्नाला सोलापूरकरांकडे मोजकीच उत्तरे आहेत: सिद्धेश्वर मंदिर व तलाव, भुईकोट किल्ल्याचा परिसर, एखादी बाग आणि मुले थोडी मोठी असतील तर केगावचे विज्ञान केंद्र. विज्ञान केंद्राविषयी मला आदर आहे. परंतु तेथील मांडणी पुरती समजण्यासाठी निदान वाचता यावे लागते. ज्याला अजून अक्षरओळख नाही, पण दिसेल ती वस्तू ओढून, फिरवून, उघडून पाहायची आहे, अशा तीन ते सहा वर्षांच्या मुलाचा विचार करून उभारलेली जागा आपल्या शहरात मला आढळत नाही. त्यातच एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बागेचा पर्यायही सायंकाळपर्यंत बंदच असतो.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ पासून मुलांचे स्वतंत्र संग्रहालय आहे. आमच्या चार वर्षांच्या मुलीला आम्ही तेथे घेऊन गेलो, त्याचे मुख्य कारण वेगळ्या एका संग्रहालयात आलेला अनुभव हे होते. तेथे काचेला बोट लागले की रखवालदार ओरडत असे आणि मुलगी शेवटी आईचा पदर सोडायला तयार नव्हती. मुलांचे संग्रहालय ही कल्पनाच याच्या उलट आहे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे १८९९ मध्ये असे पहिले संग्रहालय सुरू झाले. पुढे १९६० च्या दशकात बोस्टनच्या बालसंग्रहालयाने काचेची कपाटे बाजूला सारून मुलांना वस्तू हाताळू दिल्या आणि ती पद्धत जगभर रुजली. आपल्याकडे कोलकात्यात १९७२ पासून नेहरू बालसंग्रहालय आहे. मग सोलापुरात का नसावे?

विषयासाठी आपल्याला दूर जाण्याची गरजच नाही. मुंबईहून परतल्यावर पूर्व भागातील एका परिचितांच्या कारखान्यात चादरीचे यंत्रमाग पाहायला आम्ही मुलीला नेले. खडखडाटाने ती आधी बिचकली. नंतर मागावर चढवलेल्या जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणवून घेणाऱ्या यंत्रणेच्या, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांकडे तिचे लक्ष गेले. बाजूला पडलेल्या एका जुन्या पट्टीच्या भोकात करंगळी घालून तिने विचारले, "हे उंदरानं कुरतडलं का?" कारागीर मामांनी माग थांबवला आणि जेथे भोक असते तेथला उभा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तेथला खालीच राहतो, आणि त्यातूनच चादरीवरचे फूल उमटते, हे तिला धागा बोटाने उचलून दाखवले. तिला किती कळले ते सांगता येणार नाही, पण घरी आल्यावर तिने पुठ्ठ्याला भोके पाडून त्यातून लोकर ओवली, हे मी पाहिले.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. पण ती कशी विणतात, हे शहरातील बहुतेक मुलांनी पाहिलेलेच नसते. चालत्या यंत्रमागाजवळ लहान मुलांना नेणे धोक्याचे आहे, हेही खरे. म्हणून मुलांच्या उंचीचा लाकडी हातमाग, आडवा धागा नेणारा, हातात धरता येईल असा गुळगुळीत धोटा, जाड रंगीत सूत, मोठ्या भोकांचे पुठ्ठे आणि बटण दाबल्यावर ऐकू येणारा गिरणीचा भोंगा एवढ्यावर प्रारंभ होऊ शकेल. माहिती सांगणाऱ्या ताई-दादांना मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही बोलता यावी, कारण या वयाचे मूल घरच्या भाषेतच प्रश्न विचारते. निवृत्त विणकरांना मानधन देऊन बोलावल्यास त्यांच्याइतके उत्तम मार्गदर्शक दुसरीकडे मिळणार नाहीत.

महानगरपालिकेने पट घटलेल्या एखाद्या शाळेच्या दोन-तीन खोल्या यासाठी द्याव्यात आणि यंत्रमागधारक संघटनांनी जुने, सुटे झालेले साहित्य पुरवावे, अशी माझी विनंती आहे. मोठ्या इमारतीची वाट पाहत बसू नये. मात्र रविवारी ते उघडे असावे, कारण कामगार कुटुंबांनाही मुलांसह येता आले पाहिजे. प्रवेश शुल्क नाममात्र असावे आणि लहान मुलांना वापरता येईल असे स्वच्छतागृह व पिण्याचे पाणी पहिल्या दिवसापासून असावे.

आपला,
एक पालक, सोलापूर