पानाची तारीख हाताने का लिहावी?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आमच्या परिसरातील एका शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळावर नवी प्रवेशसूचना लागूनही तळाशी ‘शेवटचा बदल’ म्हणून जुनीच तारीख दिसत राहिली आणि त्यामुळे काही पालकांनी ती सूचना कालबाह्य समजून सोडून दिली. हे सहज टळले असते. संकेतस्थळाची पाने वाचकांना पुरवणाऱ्या अपाची या सर्व्हर-प्रणालीत ‘मॉड इन्क्लूड’ हा पान पाठवताना त्यात माहिती भरणारा भाग आहे. त्यात ‘लास्ट मॉडिफाइड’ (शेवटचा बदल) नावाचे चल, म्हणजे ज्या जागी सर्व्हर स्वतः माहिती भरतो असे नाव, असते. सर्व पानांना जोडलेल्या एकाच तळटीप-फाइलमध्ये ते लिहिले, तरी वाचकाने मागितलेल्या मूळ पानाचीच तारीख आपोआप उमटते. तारखेचा साचाही ठरवता येतो, म्हणून दिवस-महिना-वर्ष असा आपल्या सवयीचा क्रम ठेवता येतो.

मात्र सगळी चले सारखी विश्वासार्ह नसतात. ‘क्वेरी स्ट्रिंग’ (पत्त्यातील प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर) किंवा ब्राउझरचे नाव ही माहिती पान मागणाऱ्याकडून येते आणि ती त्याला हवी तशी घडवता येते. अपाची मूळ मांडणीत अशा मजकुरातील कोनी कंसांसारखी चिन्हे निरुपद्रवी करूनच छापतो. काही जण अक्षरे विचित्र दिसतात म्हणून हे संरक्षण काढून टाकतात आणि परक्याची स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) आपल्या पानावर चालण्याची वाट मोकळी करतात. कृपा करून तसे करू नये. सर्व्हरवर आज्ञा चालवणारी ‘एक्झेक’ सोय तर ‘इन्क्लूड्स नोएक्झेक’ या पर्यायाने बंदच ठेवावी. तारीख छापायला तिची गरज नाही.

आपला,
एक संगणक शिक्षक, सातारा