मापशातल्या मैत्रिणीस, जिने मला लदीन लिहून दिली

प्रिय मैत्रिणी,

तुझं नाव इथे लिहीत नाही. चारचौघांत नाव घेतलेलं तुला आवडणार नाही, आणि गोव्यातलं मापसा एवढंसं, कुणीही लगेच ओळखेल. तरी पत्र उघडच लिहिते आहे. माझ्यासारख्या कितीतरी मुली नोकरीसाठी परगावी भाड्याच्या खोलीत राहतात, रविवारी एकट्याच मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातात आणि एकट्याच परत येतात. त्यांनी हे वाचावं. त्यांच्या शेजारी बाकावर बसणाऱ्यांनी तर वाचावंच.

मी वसईची. आमच्याकडे मिस्सा मराठीत, जपमाळ मराठीत, मयताच्या प्रार्थनासुद्धा मराठीत. जपमाळ झाल्याशिवाय घरात जेवायला बसायचं नाही, हा माझ्या आजीचा नियम. विश्वास मला कुणी वेगळा शिकवला नाही, तो घरातच होता. घर सुटल्यावर तो एकटीने सांभाळायची वेळ आली आणि ते किती जड जातं हे तेव्हा कळलं.

गोव्याआधी ज्या शहरात नोकरी केली, तिथलं चर्च मोठं, गायनवृंद मोठा, युवक मंडळही मोठं. पहिल्याच रविवारी एका ताईंनी माझं नाव, फोन नंबर, जन्मतारीख सगळं वहीत उतरवून घेतलं. मला केवढा आनंद झाला होता! पुढे त्या मंडळाकडून जे मेसेज आले ते एकतर नाताळच्या डान्सच्या तिकिटांचे, नाहीतर सहलीचे पैसे भरा म्हणून. मध्ये मी तापाने अंथरुणाला खिळले होते, बरेच रविवार गेले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. शांतीचं चिन्ह देताना हसून मान झुकवणारी माणसं मिस्सा संपली की गाड्यांकडे धावायची. त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही आणि तो लपवायची माझी इच्छाही नाही. ज्यांच्या वहीत माझा नंबर होता, त्यांनी एक फोन करायला हवा होता.

ऑफिसात आणखी निराळी तऱ्हा. "तू अजून चर्चला जातेस?" हा प्रश्न मला विचारला तो बाप्तिस्मा झालेल्याच सहकाऱ्याने. उपवासकाळात शुक्रवारी मांस नको म्हटलं की टेबलावर नजरानजर व्हायची. माणसं वाईट नव्हती. पण पंचविशीतल्या मुलीने रोज गुडघे टेकून प्रार्थना करावी, हे त्यांना आजीच्या ट्रंकेतलं लुगडं नेसून ऑफिसला येण्यासारखं वाटायचं. इंग्लंडला गेलेली माझी मावसबहीण तर सांगते, तिकडे आता हा विषयच निघत नाही. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आले, 46.2 टक्के. 'धर्म नाही' असं लिहिणारे 37.2 टक्के. तिच्या चर्चमध्ये जे थोडे तरुण दिसतात त्यांत गोव्याचे आणि केरळचेच जास्त.

गोव्यात मला साथ आपोआप मिळेल असं वाटलं होतं. 2011 च्या जनगणनेप्रमाणे इथे चारांतला एक माणूस ख्रिस्ती. वळणावळणावर खुरीस, म्हणजे क्रूस, गावोगावी पांढरीशुभ्र इगर्ज, म्हणजे चर्च. मी आले त्याच वर्षी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचं दर्शन होतं, दहा वर्षांनी येणारं, 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025. ओल्ड गोव्यात से कॅथेड्रलच्या रांगेत माझ्या पुढेही कुटुंब, मागेही कुटुंब. दर्शन झालं, मन भरून आलं, आणि ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं. बसने मापशाला परतताना मी खिडकीकडे तोंड करून रडले. हे तुला आजवर बोलले नाही.

मग मे महिना उजाडला. आपल्या वाड्यावरच्या खुरसाला रंग लागला, झेंडूच्या माळा चढल्या, मेणबत्त्या लागल्या आणि संध्याकाळी लदीन, म्हणजे मारियेची लॅटिनमधली गायची प्रार्थना, सुरू झाली. व्हायोलिनवर एक काका, दोन सुरांत गाणारी म्हातारी माणसं. मी रस्त्याच्या कडेला स्कूटरींच्या मागे उभी होते. तू वळून पाहिलंस आणि म्हणालीस, "फुडें यो गो, हांगा उबी राव." मी तुझ्या बाजूला येऊन उभी राहिले. शब्द येत नव्हते म्हणून नुसते ओठ हलवत होते. ते तुझ्या ध्यानात आलं असणार, पण उकडलेले चणे वाटले जात असताना तू त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस.

पुढच्या लदीनीच्या वेळी तू माझ्या हातात घडी घातलेला कागद ठेवलास.

शाळेच्या वहीचं दुरेघी पान. त्यावर अख्खी लदीन, देवनागरीत, निळ्या पेनने. तू प्रार्थना रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, वाचतेस, देवनागरी शाळा सुटल्यावर तुझ्या हातून सुटलेली, हे अक्षरावरूनच दिसत होतं. 'व्हिर्गो'तला 'व्हि' दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट काढलेला. 'सांक्ता मारिया'पासून प्रत्येक ओळीपुढे 'ओरा प्रो नोबीस' (आमच्यासाठी विनंती कर) पुन्हा पुन्हा लिहिलेलं, एकदा लिहून खाली ठिपके देऊन भागलं असतं तरी. सूर जिथे लांबवायचा तिथे शब्दाखाली आडवी रेघ. आणि एका ठिकाणी समासात बारीक अक्षरांत: 'हांगा स्वास घे.'

अगं, त्या तीन शब्दांवर मी किती वेळ बोट ठेवून बसले होते. फार्मसीत दिवसभर उभं राहून तू घरी येतेस, तुझे पाय सुजलेले मी पाहिले आहेत. तशा थकलेल्या संध्याकाळी बसून, तू जिला जेमतेम ओळखत होतीस त्या भाडेकरू मुलीचा श्वास कुठे अडेल याचा विचार केलास. मोबाइलवर शोध म्हणाली असतीस तरी मी तुला चांगलंच म्हटलं असतं. एखादीला आपल्यात घ्यायचं तर काय करावं लागतं, हे मला त्या पानाने दाखवलं. माझी जन्मतारीखसुद्धा तू फार नंतर विचारलीस.

बाकीचं सगळं त्या पानामागून आलं. तुझ्या त्या मित्रमंडळींना मी आधी बघतच राहिले होते. एकजण गॅरेजमध्ये काम करतो, एकजण नर्स, एकजण वकिलीच्या परीक्षेला बसलेली. साक्रामेंताच्या, म्हणजे पवित्र भाकरीच्या, आराधनेला तासभर गुडघ्यांवर, आणि नंतर गाड्यावर रोस ऑम्लेट खाताना फुटबॉलवरून भांडाभांडी. विश्वासू माणसाने सुतकी चेहरा करून बसायचं असतं, ही समजूत कुणाची असेल तर त्याने तुमच्याबरोबर एकदा त्या गाड्यावर यावं. 7 सप्टेंबर 2025 ला पोप लिओ यांनी कार्लो आकुतिस आणि पियेर जोर्जियो फ्रासाती यांना संतपद दिलं तेव्हा आपण सगळे एका मोबाइलवर डोकी एकत्र करून बसलो होतो. एक पंधराव्या वर्षी गेला, दुसरा चोविसाव्या. एक कॉम्प्युटरवाला, दुसरा डोंगर चढणारा. गॅरेजवाला म्हणाला, "आमच्याच वयाचे रे!" आणि कुणीच काही बोललं नाही थोडा वेळ.

झेवियर यांच्या सणाआधीची नऊ दिवसांची नोव्हेना सुरू झाली तशी आपण पहाटे अंधारातच ओल्ड गोव्याला चालत निघालो. रायबंदरच्या त्या लांबलचक जुन्या पुलावर तेर्स, म्हणजे जपमाळ, म्हणताना तू मुद्दाम थांबलीस आणि मला म्हणालीस, हे दहा मण्यांचं दशक तू मराठीत म्हण. मी 'नमो मरीये' म्हणत होते आणि तुम्ही कोंकणीत उत्तर देत होता. सावंतवाडीकडून आलेल्या यात्रेकरूंचा एक जथा बाजूने चालला होता, त्यातल्या एका मावशींनी मराठी ऐकून माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आणि माझी घरमालकीण! ती हिंदू, सकाळी मराठी पेपर वाचून मगच चहा घेणारी. मला मिस्साला उशीर होऊ नये म्हणून रविवारी दार वाजवते. मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मापशाच्या चर्चमधल्या मारियेच्या, सणाला स्वतः तेल घेऊन जाते, "आमच्या लईराई देवीची बहीण ती" म्हणते. तिने माझ्या श्रद्धेवर कधी भुवई उंचावली नाही. ज्याला स्वतःचा देव प्रिय असतो त्याला दुसऱ्याच्या प्रार्थनेचा त्रास होत नाही, हे मी तिच्या घरात राहून पाहते आहे. चांगुलपणाला फार मोठी तयारी लागत नाही गं. दार वाजवावं, जागा करून द्यावी, एवढं ज्यांना जमतं त्यांच्या जिवावर आम्ही परगावी तगतो.

तुझे आजोबा मला म्हणाले होते ते विसरणार नाही. मी वसईची मराठी, इथे परकी वाटते असं काहीसं बोलले, तर ते म्हणाले, परकी कशी? इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं, येशूची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण 1616 साली इथेच गोव्यात राशोलला छापलं, आणि ते मराठीत होतं. मग त्यांनी आमच्या गोन्सालो गार्सियांबद्दल विचारलं. वसईत जन्मलेला मुलगा 1597 साली नागासाकीला हुतात्मा झाला आणि 1862 मध्ये संत म्हणून जाहीर झाला, हे मी सांगत होते आणि ते हात जोडून ऐकत होते.

तर मैत्रिणी, तुमच्याच आभाराच्या शब्दांत, देव बरें करूं. फेब्रुवारीत गोन्सालो गार्सियांचा सण असतो. फार्मसीत सुट्टी मागून ठेव, मंडळींनाही सांग. आईने इंदेल आणि फुगे हे आमच्याकडचे सणाचे पदार्थ करायचं आत्तापासून ठरवलंय, आणि झोपायची सोय आमच्या माळ्यावर होईल, तिघी-चौघी सहज मावतो. तिकिटं मी काढते. आमच्या मराठी मिस्साची उत्तरं तुला रोमीत लिहून द्यायला घेतली आहेत, निम्मी झाली.

तुझी,
खुरसामागच्या घरातली वसईकरीण